सोमवार ते शनिवारची भट्टी

मी, गल्लीत पाववाली म्हणून माहीत असलेली विधवा, वय वर्षं त्र्याहत्तर, शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, प्रभू येशूवर भरवसा ठेवून आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. माझ्यावर कुणी दाब टाकलेला नाही. टाकून बघायचा होता, मजा आली असती. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम एक. राहती खोली आणि वरची माडी मुलीला. ती म्हणेल, "आई, दादाला वाईट वाटेल." वाटू दे. माडीचं गळकं छप्पर जावयानं चढून नीट केलं. दादा खाली शिडी धरून फोनवर बोलत होता.

कलम दोन. शिवणाचं मशीन आणि चांगली शाल सूनबाईला. शालीवर बावीस वर्षं जाऊबाईंचा डोळा आहे. जाऊबाईंना मी सगळ्याची मनापासून क्षमा केली आहे. शाल मात्र देत नाही.

कलम तीन. भट्टी. आता सगळ्यांचे कान टवकारतील.

आमची भट्टी रविवारी, प्रभूच्या दिवशी, विझते. विझलेली भट्टी सोमवारी लवकर तापत नाही, पहिली खेप दडस निघते. गिऱ्हाइकं म्हणतात, "पाववाली, दोन विटा दे." मीही मोजून देते. चाळीस वर्षं झाली.

आता समोरच्या मोठ्या दुकानाला रविवारीही ताजा माल हवाय, नाहीतर ते दुसरीकडून घेणार. थोरला, म्हणजे तोच शिडीवाला दादा, रोज माझ्या मागे लागतो.

"आई, काळ वाईट आलाय. देवाला कळतं सगळं."

"कळतं ना? मग देवळातली तुझी रिकामी जागाही दिसत असेल."

"मी मोबाइलवर उपासना ऐकतो गं."

"बरं. मग आज जेवणही मोबाइलवरच जेव."

सूनबाई तोंडावर हात ठेवून हसली. पण थोरल्याच्या पोटात खरी भीती आहे, ती मला दिसते. दोन लेकरं आहेत त्याला.

त्या भीतीची माझी जुनी ओळख आहे, म्हणून एक कबुली इथंच देते. दंगलीच्या वर्षी देवळाच्या काचा फुटल्या, उपासनेला आम्ही सातजण उरलो. संचारबंदी फक्त रविवारी सकाळी उठायची. माझ्या नवऱ्यानं ठरवलं, पाव शनिवारीच भाजायचे आणि रविवारी देवळाच्या दारात वाटायचे. मला वाटलं, वाटायचे कशाला, ताजे भाजू आणि विकू. एका रविवारी हे पुढं गेले, तशी मी गुपचूप भट्टी पेटवली, पाव आत सरकवले आणि देवळात जाऊन बसले. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली. माझे डोळे मिटलेले, नाक मात्र उघडं. घरी आले तर आत नुसता कोळसा.

हे रागावले नाहीत. एक काळा पाव ताटात घेतला, हात जोडून प्रभूचे आभार मानले, आणि मला आमेन म्हणावं लागलं. मग दोघांनी तो कडाकडा चावून संपवला. त्या वर्षी आम्ही एकही दिवस उपाशी झोपलो नाही. कसं, ते मला अजून सांगता येत नाही. कोणामुळं, ते येतं.

सबब सदर भट्टी, पराती, पाव भाजायचे पत्रे आणि चेष्टेखोर गिऱ्हाइकं थोरल्याला देते. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, रविवारची अट घाला, नाहीतर पोरगा ऐकायचा नाही." मी म्हटलं, "अटीनं देवळात आलेला माणूस घड्याळच बघत बसतो. अट नको."

पण वकीलसाहेबांनीच सांगितलंय, आपल्या नावावर असतं तेवढंच माणसाला देता येतं. सोमवार ते शनिवार माझे होते, ते दिले. रविवार माझ्या नावावर कधीच नव्हता. तो हवा असेल, बाळा, तर मालकाकडे माग. उपासनेला सकाळी नऊ वाजता भेटतो.

लिहून देणार: पाववाली (सही)

साक्षीदार: १. पाळकसाहेब (सही. प्रार्थना लांबल्याचं मान्य)
२. शेजारचा पंक्चरवाला (सही. हसल्यामुळं वाकडी)

ठिकाण: भट्टीमागची खोली
सोमवार, तारीख दहा, पहिली खेप निघाल्यावर