तुराट्यांचा कूड आणि चार इंची भिंत

बाबा, मी तुमचा कूड पाडतो आहे. विचारत नाही, सांगतो आहे. आपल्या घरात विचारणं म्हणजे "नाई" ऐकून घेणं असायचं, म्हणून ती सवय मी तुमच्या हयातीतच सोडली होती.

सामायिक विहिरीवरची मोटर आधी कोणी चालू करायची यावरून तुमचं आणि काकांचं वाजलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या मधोमध तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड उभा राहिला. मला तो दिवस अजून दिसतो. एक टोक तुम्ही धरलं आहे, दुसरं काकांनी. एकमेकांशी बोलत नाही, पण ओळंबा दोघंही बघताहात. भांडणातसुद्धा तुम्हाला वाकडी भिंत चालत नव्हती. मग आपल्या बाजूने आई शेणमातीने लिंपायला बसते, पलीकडून काकू. दोघींची बोटं एकाच तुराटीवर फिरतात आणि मला दोन्ही बाजूंचा सरसर आवाज ऐकू येतो. लिंपून झालं तेव्हा तुम्ही हात धुतले आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मी असो का नसो, ह्या कुडाले दार पडनार नाई." काकांनी पलीकडून खाकरून उत्तर दिलं. सही झाली म्हणायची.

माझे कान तेव्हापासूनच तिखट. त्या कुडाने मला जेवढं शिकवलं तेवढं शाळेने नाही शिकवलं. पलीकडे फोडणी कशाची पडली, काकांचा खोकला कोरडा की ओला, चुलतभावाला मार कशावरून बसला, सगळं कळायचं. आणि तुमचं ते बोलणं! लाइन आली की आईच्या कानाशी उभं राहून तुम्ही ओरडायचे, "लाइन आली हो! मोटर चालू करा लागते!" आई तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, "मी काय बहिरी आहो का?" तुम्ही म्हणायचे, "तुले कोन सांगून राह्यलं?" पलीकडून काका काकूला तेवढ्याच जोरात सांगत, "उद्या आर्वीच्या बाजारात वांगे नोको म्हना नेऊ, आवक लय हाये." काकूने कशाला वांगी न्यावी? ती तर बाजारातसुद्धा जायची नाही. अशी वर्षं काढली तुम्ही दोघांनी. बायकांच्या कानांवरून एकमेकांशी संसार केला आणि वर ताठा असा की आमचं बोलणं बंद आहे.

आई एकदा म्हणाली होती, उंदीर येतात, तिथे विटांची भिंत घालून टाका. तुम्ही उसळलात, "इटेची नोको!" कारण सांगितलं नाही. कारण सांगणं तुमच्या स्वभावात नव्हतंच. मी नकाशे काढायचं शिकायला निघालो तेव्हा कारण न सांगताच निकाल दिला होता, "गवंडी झाला असता तं भिंत तरी उभी केली असती. हा भिंतीचं चित्र काढून राह्यला! चित्रानं ऊन अडते का?" चार माणसांत बोललात. पण बाबा, आज आर्वीत बसून मी ज्या भिंती मांडतो त्यांच्या आडोशाला नागपूर-पुण्याची माणसं ऊन टाळून बसली आहेत. पदवी नाही, वशिला नाही. कान उघडे ठेवले आणि शिकलो.

आणि ते चित्र नसतं, हे तुम्हाला तुमच्याच वांग्यांवरून सांगतो. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक भिंतीला स्वतःची जात असते. जाडी किती, वीट कसली, प्लास्टर कोणत्या अंगाला, हे ती भिंत स्वतः जाणते. मग तिचा तक्ता निघतो, त्याला आम्ही शेड्यूल म्हणतो. तुम्ही वांग्यांचा तोडा आणल्यावर अंगणात ढीग लावायचे, भरताची वेगळी, भरायची वेगळी, किडकी वेगळी. ते झालं ग्रुपिंग. किडकी बाजाराच्या पाटीत दिसायची नाहीत, घरी मात्र असायची, आम्हीच खायचो. ते झालं फिल्टर. गवंड्याच्या तक्त्यात मी फक्त नव्या भिंती दाखवतो, पाडणाऱ्याच्या तक्त्यात फक्त जुन्या. तुम्ही ज्याची थट्टा केली तो धंदा तुमच्याच अंगणातला आहे. पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

काका गेले, तुम्ही तर कधीचेच गेलात. चुलतभाऊ एसटीत कंडक्टर आहे. आम्ही ठरवलं, एका छपराखाली दोन घरं बांधायची, ओसरी एक, आणि दोन स्वयंपाकघरांच्या मधे दार. आपल्या बाजूची मापं मी घेतली, त्याच्या बाजूची त्याने. दोन्ही जोडून मी आर्वीतल्या कॉम्प्युटरवर पाडायच्या भिंतींचा तक्ता काढला. मातीच्या भिंती एका गटात, विटांच्या दुसऱ्यात, आणि खाली एक ओळ: तुराट्यांचा कूड, संख्या दोन. मी पुढे निघालो होतो. भाऊ तिकिटं तपासणारा माणूस, त्याचं बोट तिथेच थांबलं.

"दोन कायचे बे? कूड तं एकच हाये."

गट फोडला, प्रत्येक भिंत वेगळ्या ओळीत आणली. खरंच दोन कूड, एकाच लांबीचे, एकावर एक बसलेले. दुसऱ्यांच्या नकाशातली ही चूक मी डोळे मिटून पकडतो. पण तो कूड आम्हा दोघांनाही आपापलाच वाटत होता, म्हणून दोघांनीही आपापल्या मापात धरला.

"आता कोनाचा काढू? तुहा का माहा?" मी विचारलं.

"तुहा काढ. तुह्याच बाजूनं उंदरं येत."

घरी येऊन हे सांगितलं तर काकू मेथी निवडता निवडता म्हणाली, "दोनच होते रे बाप्पा. एक तुह्या बापाचा, एक ह्याच्या बापाचा." आम्ही हसलो. आई हसली नाही. आपल्या बाजूचं घर तिच्या नावावर आहे, आणि तिने होकार दिल्याशिवाय कुदळ पडणार नव्हती. ती एवढंच म्हणाली, "त्यायचा शब्द हाये. कुडाले दार पाडायचं नाई."

गेली कित्येक वर्षं तुम्ही नाही, आणि तरी तुमचाच "नाई" घरात पुढे चालू! मला राग आला. पण मी गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस, राग गिळून बोलायची सवय आहे.

"माय, बाबा कुडाबद्दल बोलले ना?"

"व्हय."

"मंग कूडच नाई राह्यला तं दार कायले पाडतं? नव्या भिंतीत दार पयलेपासूनच हाये. पाडलंच नाई कोनी."

"बापावरच गेला," आई म्हणाली. "हारल तं शपथ." आणि मग, "ते दार कोन्या बाजूनं उघडन?"

"दोन्ही बाजूनं," मी म्हणालो, आणि काकूने मेथीची पाटी उचलून आईच्या पुढ्यात ठेवली.

तेव्हा उद्या कूड पडतो. तुमचा शब्द मी मोडला नाही, पण पाळलाही नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. हे पत्र टाकायचं कुठे? कुडाच्या फटीत खोचलं असतं, तुम्ही विळा खोचायचे तसं, पण ती फटही उद्या जाणार. टेबलाच्या खणातच राहील.

एक मात्र आहे. दोन घरांच्या मधली भिंत नऊ इंची धरतात, आमच्याकडचा साधा नेम. ही मी चार इंची धरली. तक्त्यात ती न्हाणीघराच्या आणि कोठीच्या भिंतींच्या गटात बसली आहे, कोणाच्या नजरेत यायची नाही. भावाच्या मात्र आली. "आवाज येईन ना बे इकडचा तिकडं," तो म्हणाला. मी म्हणालो, जागा वाचते.

जागा फारशी वाचत नाही, बाबा.