न मोजायची माणसं

४ मे
घरी इंग्रजी शिकवणाऱ्या सबोहत बाई आज चिडल्या. "पाण्याला 'मेनी' लावतोस? पाणी काय मोजून येतं का रे?" मोजता येतं त्याला 'मेनी', येत नाही त्याला 'मच'. 'इनफ' वीसदा लिहिला. स्पेलिंग एकदाही चुकलं नाही! उद्या वरचं तळं बघायला परदेशी इंजिनीअर बाई येणार. आमच्या दरीत दुभाष्या मीच— आठवीतून बाहेर पडलेला.

५ मे
पाणी किती, ते नीट सांगता आलं. इंजिनीअर बाई म्हणाली, तळ्याचा बर्फाचा बांध कधीही फुटेल. गाव रिकामं करा, शहरातून ट्रक मागवते. माणसं किती?
गावातले सगळ्यात म्हातारे शोहदावलत आजोबा उसळले. "माणसं मोजतात? आम्ही मेंढरंसुद्धा मोजत नाही! मोजलं त्या घरात मौत शिरते. सांग तिला, थोडी आहेत."
शेजारी आई उभी. थोरलीच्या लग्नात बाबांनी आम्हा भावंडांना बोट लावून मोजलं होतं. त्याच हिवाळ्यात धाकटा गेला. आईनं नुसती मान हलवली— नको.
चौऱ्याऐंशी. मनात कधीच मोजून झालेली.
"फ्यू," म्हणालो. तिनं लिहून घेतलं.

६ मे
तळं चढतंय, काठच्या खडकावरची पांढरी खूण बुडाली. आजोबा म्हणतात, "माझ्या आजाच्या वेळचं तळं आहे ते, आजच फुटेल होय?"

८ मे
एकच ट्रक. वीस माणसांपुरता! माझ्यामुळे.
तरी बायका-पोरं चढली. ड्रायव्हर बोट नाचवत सुरू झाला— एक, दोन, तीन... गुलचेहरा काकू ओरडली, "अरे मेल्या, माझ्या नातवावरचं बोट काढ!" धडाधड सगळे उतरले. ट्रक रिकामा गेला.

९ मे
आईला म्हटलं, फोन करून खरा आकडा सांगतो. "सांग. मग मला आई म्हणू नकोस." खारा चहा पुढे सरकवून उठून गेली.
फोन केला नाही.

१० मे
सकाळी नदी आटलेली. थेंब नाही! वर बर्फ कोसळून तळ्याचं तोंड बुजलं असणार, पाणी साठतंय. आणि अख्खं गाव पात्रात उतरून मासे वेचतंय, हसतंय. घसा फोडून ओरडलो. "याची इंग्रजी डोक्यात गेली!" म्हणत सगळे हसले.
मग बोट उगारलं. एक. दोन. तीन. एकेकाचं नाव घेऊन, मोठ्यानं. आया किंचाळल्या, पोरं काखेत मारून कड्यावर पळाल्या. पुरुष दगड मारत माझ्यामागे. मी मोजत मोजत वर.
खालून गडगडाट.

११ मे
गाव नाही. सगळे वर आहोत. आई माझ्याकडे पाठ करून बसली आहे. कालपासून एकच वाक्य बोलली— "आता मोजलेले आहेत सगळे."