वजन वाढलं तर येऊ नकोस

जहाजावरून,
२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुखण्यातून उठल्यापासून बाबा निम्मे झालेत, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि त्या दिवशी खलाशांच्या सूपात माझ्या हातून मीठ दोनदा पडलं. कप्तानाने यथेच्छ बोलून घेतलं.

सोबत वजनकाटा पाठवतोय. सुट्टी मला एकदाच मिळेल. एक तर पंधरा एप्रिलला जहाज सुटायच्या आत, नाहीतर पाच महिन्यांनी फेरी संपल्यावर. बाबांच्या ‘मी ठणठणीत आहे’वर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हा आपण काट्यालाच विचारू. दर रविवारी सकाळी त्यांना उपाशीपोटी उभं कर. वजन उतरत असेल तर मी सगळं टाकून येतो. वाढत असेल तर निर्धास्त फेरीवर जातो.

रागावतेस तशीच रागावत राहा.
तुझा,
ढब्बू


घर,
२ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. आ.

काटा पोचला. दुकानातल्या आरशाशेजारी ठेवलाय. उभा जन्म दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस स्वतः मोजून घ्यायला काही केल्या तयार होईना. शेवटी चढले, आणि वर मलाच म्हणाले की शिंप्याचं वजन करायचं तर कात्रीसकट करावं.

पहिल्या रविवारी अठ्ठेचाळीस, मग साडेएकोणपन्नास, मग एक्कावन्न, आणि या रविवारी त्रेपन्न! मी शेजारच्या चहावालीला सांगून आले. खातात चिमणीएवढं, पण अंगी लागतंय. चेहरा भरलाय. चपलासुद्धा घट्ट व्हायला लागल्यात, नव्या घ्यायच्या आहेत. मशीनवर बसल्या बसल्या डुलकी काढतात, मी उठवत नाही.

तेव्हा येऊ नकोस. फेरी करून ये. मी आहे इथे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
ताई


जहाजावरून,
१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्रेपन्न! भटारखान्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. सगळ्यांना गोड करून घातलं, कोणी कारण विचारलं नाही. सुट्टीचा अर्ज फाडून टाकला. आता तीन आठवडे जमीन दिसणार नाही, पत्र पलीकडच्या बंदराच्या पत्त्यावर टाक.

खात नाहीत म्हणतेस, तर त्यांना दोन वेळा सूप करून दे. मीठ सढळ हाताने घाल, त्याशिवाय आजारी तोंडाला चव येत नाही. आणि त्यांना सांग, आलो की माझा कोट शिवायचा आहे. माप तेव्हाच घ्या, आत्ताचं पोट धरू नका म्हणावं.

तुम्हा दोघांचा लोभ हीच माझी शिदोरी.
तुझा,
ढब्बू


घर,
४ मे

चि. ढब्बूस,
अ. आ.

काल काटा अठ्ठावन्न म्हणाला, आणि बाबांना त्यावरून खाली उतरता येईना. श्वास पुरेना. डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी बाबांच्या पायावर बोट दाबलं, तो खळगा भरेचना. वाढलं ते मांस नव्हतं रे, पाणी होतं. हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साचत गेलं. मीठ बंद करायला सांगितलंय. सूपाचं मी त्यांना सांगितलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, हाताने पाजत तर मीच होते.

आज दुकानाची मापांची वही चाळली. मागच्या पानावर बाबांच्या अक्षरात त्यांच्याच दंडाचं माप होतं, दर रविवारचं. सव्वानऊ इंच, नऊ, साडेआठ, करत करत पावणेआठ. काटा चढत होता आणि माणूस झिजत होता, हे त्यांना टेपेवर दिसत होतं. बोलला का नाहीत, असं विचारलं. तर म्हणाले, तू इतकी खुशीत होतीस, मी कुठे मध्ये टेप आणू?

आता रोज वजन करायचं आणि ते उतरायला हवं, असं बाईंचं म्हणणं. आज दीड किलो उतरलं. पाणी उतरलं की बाबा, ते काटा सांगत नाही. मला काहीच कळेनासं झालंय. तुला येऊ नकोस म्हणून मीच कळवलं, हे एकच डोक्यात घुमतंय.

सकाळपासून बाबांनी दोनदा विचारलं, ढब्बू केव्हा येतोय. मला खरं बोलवेना. निघालाय म्हटलं. त्यावर शर्ट बदलून दे म्हणाले, आणि उशीला टेकून दाराकडे तोंड करून बसलेत. त्यांना आता काय सांगू, तेवढं लिही. तुझं उत्तर यायला किती दिवस लागतात, ते मला ठाऊक आहे.

तुझी,
ताई