वरची खोली शिंपीणबाईंना

मी, होड्या रंगवणारा, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नाही, हे लिहून ठेवतोय. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासलं. म्हणाले, "डोकं ठणठणीत आहे, गुडघ्यांचं मात्र विचारू नका." गुडघे मी कुणाच्या नावावर करत नाहीये, त्यामुळे चालेल.

१. बँकेत असेल ते मुलाला. दर वादळानंतर त्याचा फोन येतो, "बाबा, आता तरी निघा तिथून." निघालो नाही, माफ कर. समुद्र घरात आला की आधी भीती वाटते. मग घर हळूहळू स्वप्नासारखं होतं. खुर्च्या आपोआप उठतात, छतावर पाण्याचा उजेड हलत राहतो. एकदा माझ्या चपला जोडीने तरंगत स्वयंपाकघरात गेल्या, जणू तुझ्या आईने आतून हाक मारली.

२. ब्रश आणि रंग मुलीला. निळ्याचा डबा चमच्याने उघड, दाताने नको.

३. थोरल्या भावाला काही नाही. पहिल्या मोठ्या वादळाच्या आदल्या दिवशी "उद्या आणतो" म्हणून माझी शिडी घेऊन गेला, त्याला तेवीस वर्षं झाली. आम्ही नवराबायको दिवसभर टेबलावर उभे. नंतर मी पक्का जिना आणि वरची खोली बांधली. शिडी त्यालाच लखलाभ.

४. घर मुलीला. पण माझ्या पश्चात वरची खोली शेजारच्या शिंपीणबाईंना, त्या असेपर्यंत. त्यांचं घर बैठं. वादळाचा इशारा आला की आमच्या दोन खिडक्यांमध्ये दोरी बांधतो. त्या दोनदा ओढतात, मी दोनदा ओढतो. म्हणजे दोघंही आहोत. मागच्या वेळी त्या कापड बेतायच्या टेबलावर उभ्या, पाणी कमरेपर्यंत, आणि मी वर कोरडा. मध्येच दोरी गप्प झाली. त्यांचा हात आखडला होता, इतकंच. पण तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही.

"वर या" म्हटलं तर म्हणतात, "उपकार नकोत." म्हटलं, मेलेल्या माणसाला कशा नाही म्हणतील?

इथपर्यंत शिंपीणबाईंना आणि साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरांना नि पाववाल्याला वाचून दाखवलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी पाण्यात उभी राहू?"

पाववाला खो खो हसला. मला खरंच सुचलं नव्हतं.

"मग आजच या."

"पडदे मी शिवणार. फुकट राहणार नाही."

"शिवा."

"आणि खोलीला तो होडीचा निळा रंग नको."

"बरं, बाई."

म्हणून कलम चारमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडून मी 'आजपासून' असं लिहिलं आहे. मुलीला फोनवर विचारलं, ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं काय करत होतात?" खोडाखोड माझीच, साक्षीदारांनी पाहिली आहे.

साक्षीदार: डॉक्टर. पाववाला. दोघांच्या सह्या वाकड्या आहेत, कारण दुसऱ्या हाताने त्यांनी शिलाई मशीन धरलंय.

सही: होड्या रंगवणारा
ठिकाण: जिना, सातवी पायरी
तारीख: चार ऑक्टोबर, दुपार. समुद्र शांत.