शिसं दोनच बंध का करतं

सर, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं लोकांना वेडेपणा वाटेल. वाटू दे. काल नातीला रसायनशास्त्र शिकवत होते. आवर्तसारणी समोर उघडी होती. कार्बनच्या गटातून बोट खाली नेत नेत शिशापर्यंत आले आणि एकदम असा संताप आला की पोरगी म्हणाली, "आजी, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं.

बी.एस्सी.च्या त्या वर्गात मुली आम्ही दोघीच होतो. मी सोयगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तुमचा तास सोडायला मात्र जिवावर यायचं. तुम्ही निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, बोलण्याच्या भरात मूलद्रव्याला 'उन्सुर' म्हणून जायचात आणि स्वतःच हसायचात. एकदा तुम्ही मूठभर वाळू घेऊन वर्गात आलात. विचारलंत, कार्बन आणि सिलिकॉन एकाच गटातले, मग एकाचा ऑक्साइड हवेत उडतो अन् दुसऱ्याची ही वाळू कशी होते? मग तुम्हीच सांगितलंत. कार्बनचा अणू लहान, तो ऑक्सिजनला दुहेरी बंधानं जवळ धरतो, त्यामुळं रेणू सुटा राहतो, वायू होतो. सिलिकॉनचा अणू मोठा, त्याला तसा दुहेरी बंध नीट जमत नाही. तो चारी बाजूंनी एकेक ऑक्सिजन धरत सुटतो आणि हे जाळं संपतच नाही. मी तिथंच हात वर केला. "सर, मग शिसं? तेही याच गटातलं. त्याच्याही बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन. ते बहुतेक वेळा दोनच का वापरतं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं," म्हणालात. घंटा होऊन गेली तरी तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. गटात खाली जाताना बंध कमजोर होत जातात, शिशाच्या त्या चार इलेक्ट्रॉनांपैकी आतल्या दोघांची जोडी बाहेर ओढायला लागणारी ऊर्जा त्या कमजोर बंधांतून भरून निघत नाही, म्हणून ती जोडी जागची हलत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की एम.एस्सी. करायची. तुम्हाला सांगितलंही. तुम्ही मान डोलावलीत.

शेवटची परीक्षा झाली आणि माझे वडील, बापू, मला न्यायला आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. तुम्हाला भेटल्याशिवाय जायचं नाही, असा त्यांचाच हट्ट. तुम्ही मला बाहेर थांबायला सांगितलंत. गावी येताना एसटीत बापू खिडकीबाहेर बघत होते. फुलंब्रीच्या पुढं गेल्यावर म्हणाले, "माय, सर म्हनले, पोरगी लई हुशार हाय. पन आता बस करा. पुढची जागा एखाद्या पोराला भेटली तर त्याचं घर उभं राहील. चांगलं स्थळ बघा म्हनले."

"अन् तुम्ही काय म्हणालात?"

"एवढा मोठा मानूस सांगतोय. मी काय म्हननार?"

सर, बापू तयार होते. भावकीनं नावं ठेवली तरी त्यांनी मला हॉस्टेलला ठेवलं होतं. "जिथवर जाशील तिथवर शिक," म्हणायचे. त्यांना अडवायला सगळी भावकी पुरी पडली नव्हती, तुमचं एक वाक्य पुरलं. आणि आमच्यासारख्या घरात मास्तरच्या शब्दाला काय वजन असतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. तुमच्या मास्तरांनी तुमच्या वडिलांचे पाय धरून तुम्हाला हैदराबादला शिकायला पाठवलं, ही गोष्ट वर्गात डोळ्यांत पाणी आणून तुम्हीच सांगायचात.

गुणपत्रिका घ्यायला आले तेव्हा मी विचारलं होतं. "सर, तुम्ही बापूंना असं का सांगितलंत?" तुम्ही वहीतून मान वर केली नाहीत. "तुझ्या भल्याचंच सांगितलं. मुलगी इथवर आली हेच काय कमी आहे? उलट बोलायला शिकलीस का आता?" मी गुणपत्रिका घेऊन बाहेर पडले. वर्गात पहिली आले होते, ते तुम्ही विचारलंही नाहीत. पुढं लग्नाला मात्र आवर्जून आलात, एवढ्या लांब, उन्हातान्हाचे, आणि प्रेशर कुकर दिलात. सगळा मांडव तुमच्या पाया पडला. तो कुकर मी त्याच आठवड्यात नणंदेला देऊन टाकला.

आणि मग ते गुलमंडीच्या बाजारातलं. माझी दोन्ही मुलं हाताशी, पिशवीत भाजी. तुम्ही सोबतच्या गृहस्थांना थांबवून अभिमानानं म्हणालात, "ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. शिसं दोनच बंध का करतं, हे मला पहिल्यांदा हिनं विचारलं." माझा प्रश्न तुम्हाला शब्दन् शब्द आठवत होता. माझं काय केलंत ते आठवत नव्हतं. "आता काय करतेस?" असं विचारलंत. "हर्सूलला राहते," मी म्हणाले. "छान, छान," म्हणालात. सर, त्या 'छान'साठी मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते, आणि लाटतच राहिले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही. पण लिहितेच आहे तर एक सांगून टाकते. त्या दिवशी तुम्ही बोललात आणि बापू 'हो' म्हणाले. ते 'नाही' म्हणू शकले असते. मी मात्र त्यांच्यावर आजवर एकदाही रागावले नाही. ते म्हातारपणी माझ्याचकडं होते, माझ्या हातचं खाऊन गेले. त्यांच्या वाट्याचा रागही मी तुमच्यावरच काढत आलेय.