साखर पाजायची नाही

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. पण आज दुसरं कोणी सुचत नाही म्हणून तुम्हाला लिहितो आहे. माझ्या सातेरी मधमाश्या पेट्यांमध्ये उपाशी मरतायत. मोलगीच्या वरच्या अंगाला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, माश्यांना बाहेर पडता येत नाही, जी काही फुलं आहेत ती झोडपून जातात. मध काढताना त्यांचा वाटा मी त्यांच्याकडेच ठेवला होता, तुम्ही शिकवलंत तसाच. तो त्यांनी केव्हाच संपवला. काल पेटी उघडली तर पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या माश्या. मी झाकण लावलं आणि तिथेच चिखलात बसकण मारली.

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरामागे तुमची एकच पेटी होती. पावसाळा लागला की तुम्ही बिनसाखरेचा चहा प्यायचात. स्वयंपाकाच्या मावशी हसायच्या, म्हणायच्या, गुरुजींना गोड सोसेनासं झालं. आणि तुम्ही आपल्या चहाची साखर डब्यात साठवायचात, पाण्यात विरघळवायचात, माश्या बुडू नयेत म्हणून वाटीत काड्या टाकून ती वाटी पेटीत ठेवायचात. मी एकदा भर पावसात झाकण उचलायला गेलो, आतल्या जगल्यात की नाही बघायला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "तुन्हा जीव थंडा व्हवासाठे त्यासनं घर उघाडू नको." वर्गात शुद्ध मराठी बोलणारे तुम्ही, रागावलात की अहिराणीवर यायचात. शाळा सुटली त्या वर्षी तीच पेटी तुम्ही मला देऊन टाकलीत. जीपच्या टपावर बांधली तर धक्के बसतील म्हणून मी ती घाटभर मांडीवर घेऊन आलो.

आता नदीकाठच्या एका हॉटेलाला मी मध देतो. सारंगखेड्याच्या यात्रेचे, सुरतेचे पाहुणे तिथे उतरतात. माणसं भली आहेत. पोळं पिळू नका, माश्या जाळू नका, हे मी सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितलं. त्यांची एक अट होती, माशीला साखर पाजायची नाही. निव्वळ फुलांचाच मध, असा पाहुण्यांना शब्द दिलाय त्यांनी. बोलणी झाली तेव्हा डोंगर फुललेला होता, पावसाळा कोणाला आठवतो? मी मान डोलावली. माझ्या भरवशावर गावातल्या आणखी घरांनी त्याच हॉटेलासाठी पेट्या ठेवल्या.

पाऊस लांबला तसा मी हॉटेलच्या मॅनेजरबाईंना फोन केला. हा साखरेचा पाक मधासाठी नाही, माश्या जगण्यापुरता आहे, पोळ्यात नवा मध भरेल तोवर तो उरणारही नाही, असं जीव तोडून सांगितलं. त्या म्हणाल्या, मालक बाहेरगावी आहेत, आले की विचारते, तोवर थांबा ना दादा. मी थांबलो. बायको रोज विचारायची, मी रोज म्हणायचो, फोन येईल.

आज सकाळी तिने मला न विचारता साखर विरघळवली. दोन पेट्यांत काही हललंच नाही. तिसरीत ती बोटावर थेंब घेऊन एकेका माशीच्या तोंडाशी नेत बसली. एखादी जीभ बाहेर काढायची, बाकीच्या तशाच पडून. मला बघवेना. मी फोन करून बाईंना सांगून टाकलं की पाक दिला.  त्या म्हणाल्या, "दादा, यंदाचा मध नाही घेता येणार."  शेजारच्या घरांना हे कुठल्या तोंडाने सांगू, गुरुजी? त्यांच्या पेट्याही माझ्या शब्दावर उपाशी आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. बायकोला मी सांगितलं, गावाच्या पोटासाठी थांबलो. ते खोटं आहे. त्या हॉटेलात जेवणाच्या टेबलांसमोर माझा मोठा फोटो लावलाय, खाली माझं नाव आहे. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. तो उतरवतील म्हणून मी साखर घातली नाही.