एकच हिरवं झाड

जालना, १८ जानेवारी १९९६

मच्छिंद्रा, तुला अक्कल कधी येणार? सगळी तूर मर रोगानं वाळली, एकच झाड हिरवं राह्यलं, अन् ते शेळीला टाकतो म्हणतोस? आशीर्वाद मागून देते, आधी ऐक.

हितं संशोधनाच्या शेतात आमचे साहेब मुद्दाम रोगट मातीत तूर पेरतात. जगेल त्या झाडाचं बी धरायचं. बावीस वर्षं हेच चाललंय. औंदा एकही जगलं न्हाई. वाळकी झाडं उपटून माझी पाठ गेली, पण आईला सांगू नको. तिचा खोकला थांबला का?

तुझं पत्र वाचून दाखवलं तर साहेब हातातली भाकर ठेवून उठले. म्हणले, "कौसल्याबाई, ते झाड राखा."

भवताली काटे लाव. शेंगेला हात लावू नको. एकतीस तारखेला साहेब रिटायर होऊन चालले. तीसच्या आत कळव, झाड हाय का शेळीनं खाल्लं?

तुझी थकलेली अक्का